बारावीचे शेवटचे महिने: अभ्यासिका की घर?

धाकट्या बहिणीचा मुलगा बारावीला आहे. तिचा फोन आला, "ताई, ह्याला अभ्यासिका लावू का? घरी अभ्यासाला बसतच नाही." माझी थोरली अभ्यासिकेत शिकली, धाकटा घरी.

खर्च अभ्यासिकेचाच जास्त: फी, पेट्रोल, बाहेरचं खाणं. घरी पैसे लागत नाहीत, पण टीव्ही आणि पाहुणे बंद ठेवावे लागतात.

शांतता अभ्यासिकेत नक्की मिळते. मोबाइल मात्र दोन्हीकडे खिशातच असतो.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पेपरचा सराव. बोर्डाचा पेपर सकाळी ११ ला, तीन तास सलग लिहायचं. थोरली रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत बसायची, सकाळी डोळेच उघडत नसत. जानेवारीत झोपेची वेळ बदलताना पोरीचे फार हाल झाले. धाकट्याला मी ११ ला घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका द्यायचे. शिवाय त्याचं ताट अर्धं राहिलं की मला लगेच कळायचं.

घर लहान, माणसं जास्त, मूल स्वतःहून उठणारं असेल तर अभ्यासिका लावा, पण दिवसाची. मूल घाबरट, चटकन खचणारं असेल तर घरीच, तुमच्या नजरेसमोर. बहिणीला मी घरच सुचवलं.