कॅलरी मोजायचं ॲप, सहा महिने: पैसे घेतात आणि वाटी चुकीची

काल मेसेज आला, उद्या खात्यातून 999 रुपये वळते होणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे कापायच्या किमान 24 तास आधी कळवावं लागतं, म्हणून वेळेत समजलं. ऑटोपे लगेच बंद केलं.

आधी हिशेब. उंची 158 सेंटिमीटर, वजन 78 होतं, आता 72.8. ॲपचा त्यात वाटा आहे, ते नाकारत नाही.

माझं भांडण वाटीशी आहे. ‘आमटी, 1 वाटी’ निवडायचं. पण कुणाची वाटी? दोन महिने मी निमूट निवडत गेले. वजन 700 ग्रॅम उतरलं आणि अडलं. मग एका रविवारी मोजपात्रानं पाणी ओतून पाहिलं. आमच्या रोजच्या स्टीलच्या वाटीत 210 मिली मावतं. ॲपची वाटी 150ची! आमटी, उसळ, भात, मी 140 खायचे आणि ॲप 100 लिहायचं. भाकरीचंही तेच. ॲपमध्ये ज्वारीची एक भाकरी 120 कॅलरी. माझ्या भाकरीला 65 ग्रॅम पीठ लागतं. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 335 कॅलरी, म्हणजे एक भाकरी 215च्या पुढे.

ग्राहक सेवेला चारदा लिहिलं, वाटीचं माप बदलायची सोय द्या म्हणून. चारही वेळा एकच उत्तर, सूचना पुढे पाठवली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं काढली आहेत, सगळं ग्रॅममध्ये. आपल्या जेवणाचं ॲप म्हणून पैसे घेता, मग आपलं माप तरी नीट घ्या. आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 25च्या खाली आला की हिरवा रंग दाखवतात, आपल्याकडे डॉक्टर 23पासूनच जास्त वजन धरतात.

तिसऱ्या महिन्यात ॲप काढूनच टाकणार होते. त्याऐवजी 450 रुपयांचा डिजिटल काटा आणला आणि ग्रॅममध्ये नोंदी सुरू केल्या. तेव्हापासून माझं मत बदललं. महिन्याची यादी एकत्र पाहिली तर जेवण राहिलं बाजूला, पहिला चहाच सापडला: दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे 40 ग्रॅम, 160 कॅलरी. मी गोड खात नाही असंच मला वाटत होतं. मग तेल. घरात चौघं, 5 लिटरचा डबा महिन्यात संपायचा. माणशी रोज 38 ग्रॅमच्या आसपास, ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे 340. ‘वांग्याची भाजी, 1 वाटी’मध्ये एवढं तेल कुठंच दिसत नव्हतं. आता फोडणी चमच्यानं मोजून घालते, डबा दीड महिना जातो. घरच्यांची आठवडाभर कुरकुर झाली, मग सवय झाली.

रोज लिहायची शिस्त ॲपनं लावली, त्याबद्दल मनापासून चांगलंच म्हणेन. पण ग्रॅममध्ये लिहायची सोय मोफत आवृत्तीतही आहे, मग 999 कशाचे? मी मोफतवर आले. रोजच्या वाटीच्या बुडाला मार्करनं 210 लिहून ठेवलं आहे, घासताना पुसलं की परत लिहिते.