अर्धवट राहिलेली पदवी अमेरिकेत पूर्ण करायची आहे: परीक्षा, सबस्क्रिप्शन कोर्स की कम्युनिटी कॉलेज?

मुंबई किंवा पुणे विद्यापीठात बी.कॉम.ची दोन वर्षं झाली, मग शिक्षण सुटलं, लग्नानंतर अमेरिकेत येणं झालं. अशा अनेकांना आता बॅचलर्स पूर्ण करायची असते. तिथल्या पदवीला साधारण १२० क्रेडिट (अभ्यासक्रम मोजण्याचं एकक) लागतात. ती सगळी वर्गात बसून मिळवायची गरज नसते. जुनी क्रेडिट ट्रान्सफर होतात आणि काही विषय थेट परीक्षा देऊन सुटतात. मात्र कुठलीही परीक्षा देण्याआधी पदवी कोणत्या कॉलेजकडून घ्यायची ते ठरवा. उलट क्रमाने गेलं की पैसे वाया जातात. परीक्षा पास झाल्यावर तुमच्या हातात असते ती अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची, म्हणजे एसीईची शिफारस. त्या शिफारशीचं क्रेडिट करायचं की नाही, आणि पदवीच्या कुठल्या रकान्यात (आवश्यक विषय की ऐच्छिक) टाकायचं, हे कॉलेज ठरवतं.

आधी भारतातली क्रेडिट

भारतातली मार्कशीट कॉलेज थेट धरत नाही. मूल्यांकन संस्थेकडून 'कोर्स-बाय-कोर्स' अहवाल घ्यावा लागतो. फक्त पदवीची समकक्षता सांगणारा साधा अहवाल स्वस्त पडतो, पण त्यात विषयवार क्रेडिट नसतात, त्यामुळे तो इथे निरुपयोगी. डब्ल्यूईएस आणि ईसीई ही त्यातली ओळखीची नावं, पण प्रत्येक कॉलेजची मान्य संस्थांची यादी वेगळी असते. यादी बघूनच पैसे भरा. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सस्क्रिप्ट मिळायला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यांत आधी सुरू करा. केटी राहिलेल्या पेपरला क्रेडिट मिळत नाही, हे गणितात धरा.

तीन वर्षांची पदवी पूर्ण असेल तर आणखी थांबा. नॅक 'ए' दर्जाच्या संस्थेतली, प्रथम किंवा द्वितीय श्रेणीची तीन वर्षांची पदवी डब्ल्यूईएस अमेरिकन बॅचलर्सच्या समकक्ष धरू शकते. तसं झालं तर दुसऱ्या बॅचलर्सची गरज आहे का, हाच प्रश्न उरतो.

क्लेप आणि डीएसएसटी

क्लेप ही कॉलेज बोर्ड या अमेरिकन संस्थेची, पास झाल्यास कॉलेज क्रेडिट मिळवून देणारी परीक्षा. ३४ विषय, बहुतेक पेपर ९० मिनिटांचे. गुण २० ते ८० या पट्टीवर, आणि बहुतेक विषयांत ५० ला एसीई क्रेडिट सुचवते. एका पेपरला सहसा ३ क्रेडिट, काही पेपरना ६. डीएसएसटी ही तशीच परीक्षा मुळात सैन्यातल्या लोकांसाठी आली, आता कोणालाही देता येते. पास व्हायला ४०० गुण लागतात. दोन्हींची फी साधारण शंभर डॉलरच्या आसपास, केंद्राचं शुल्क वेगळं. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा मोफत ऑनलाइन कोर्स पूर्ण केला की क्लेपच्या फीचं व्हाउचर मिळतं, त्यामुळे खिशातून जवळजवळ काही जात नाही. नापास झालात तर तोच पेपर क्लेपमध्ये तीन महिन्यांनी आणि डीएसएसटीत ३० दिवसांनी देता येतो.

विषय आधीच येत असेल तर याहून स्वस्त आणि जलद मार्ग नाही. बी.कॉम. केलेल्यांना फायनान्शियल अकाउंटिंग, मायक्रो-मॅक्रो इकॉनॉमिक्स सहज जमतात. अमेरिकन इतिहासाला मात्र खरी तयारी लागते. कॉलेज कॉम्पोझिशनचे दोन प्रकार आहेत. निबंध नसलेला 'मॉड्युलर' पेपर बरीच कॉलेजं धरत नाहीत, तेव्हा निबंधाचाच द्या.

सोफिया, स्टडी डॉट कॉम

या वेबसाइटवर मासिक वर्गणी भरून घरी बसून कोर्स करायचे, तेही एसीईच्या शिफारशीचे. परीक्षेच्या ताणाने हात थरथरणाऱ्यांसाठी हे बरं, कारण गुण तुकड्यातुकड्यांत जमतात. सोफियावर एका वेळी दोनच कोर्स उघडता येतात. वेग ठेवलात तर महिन्याच्या वर्गणीत अनेक कोर्स होतात, रेंगाळलात तर हीच स्वस्ताई उलटते.

खरा फरक पातळीचा आहे. क्लेप जवळजवळ सगळी प्राथमिक स्तराची (पदवीच्या पहिल्या दोन वर्षांची), सोफियाही बहुतांश तशीच. पदवीला मात्र वरिष्ठ स्तराची (शेवटच्या दोन वर्षांची) ठरावीक क्रेडिट लागतात. ती डीएसएसटीच्या थोड्या पेपरांतून आणि स्टडी डॉट कॉमच्या बऱ्याच कोर्सांतून मिळतात. नव्वद क्रेडिट जमवून लोक नेमके इथेच अडकतात. दुसरी चूक दुबार विषयाची: सोफियावर मानसशास्त्राची ओळख केली आणि त्याच विषयाचा क्लेपही दिला, तर क्रेडिट एकदाच.

कम्युनिटी कॉलेज

दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज. महाग आणि हळू, पण तिथे ग्रेड मिळते. परीक्षेची क्रेडिट ट्रान्सस्क्रिप्टवर बहुधा ग्रेडशिवाय दिसतात, त्यामुळे जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, तयार होत नाही. पुढे चांगल्या विद्यापीठात मास्टर्स करायचं असेल तर काही विषय इथे करणंच शहाणपणाचं. वैद्यकीय किंवा नर्सिंगकडे जायचं असेल तर विज्ञानाचे विषय परीक्षेतून सोडवू नका. सीपीएचा (अमेरिकेतल्या सीएचा) विचार असेल तर अकाउंटिंगचे पेपर देण्याआधी आपल्या राज्याच्या बोर्डाचे नियम वाचा.

पदवी कुणाकडून?

जवळचं विद्यापीठ बहुतेक वेळा शेवटची ३० क्रेडिट आपल्याकडेच करायला लावतं. चार्टर ओक (कनेक्टिकट), एक्सेलसियर (न्यूयॉर्क) आणि थॉमस एडिसन स्टेट (न्यू जर्सी) ही तिन्ही १९७१ ते १९७३ या काळात मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली आणि स्वतःच्या कॉलेजातल्या मोजक्याच क्रेडिटवर पदवी देतात. चार्टर ओकमध्ये ती दोन कोर्सची अट आहे, कॉर्नरस्टोन (सुरुवातीचा) आणि कॅपस्टोन (शेवटचा). वेस्टर्न गव्हर्नर्स या ऑनलाइन विद्यापीठाची पद्धत वेगळी: सहा महिन्यांची ठरावीक फी, तेवढ्यात जमतील तितके कोर्स.

जुनी क्रेडिट भरपूर असतील तर पहिल्या तिघांपैकी एक घ्या. क्रेडिट कमी आणि वेळ मोकळा असेल तर वेस्टर्न गव्हर्नर्स. जीपीए हवा असेल तर वेस्टर्न गव्हर्नर्स नको, तिथे पास म्हणजे सरसकट ३.० धरलं जातं. प्रवेश घेण्याआधी कॉलेजकडून आपल्या क्रेडिटचं अनधिकृत मूल्यांकन लेखी मागा आणि रिकामे रकाने बघूनच परीक्षा निवडा.

एच-४ वर (एच-१बी धारकाच्या कुटुंबाचा व्हिसा) शिकता येतं, पण अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही. ग्रीन कार्डधारकांना मिळू शकते, मात्र क्लेपच्या फीसाठी नाही. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) असाल तर हा मार्ग तुमचा नाही: पूर्णवेळ शिक्षणात एकाच ऑनलाइन कोर्सची गणना होते. आणि पुढे भारतात परतून सरकारी नोकरी किंवा पीएचडी करायचा बेत असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवीच्या समकक्षतेचे भारतातले नियम आत्ताच तपासा, पहिली फी भरण्याआधी.