हार्डटॉपखाली लावलेली पारदर्शक फिल्म : एक हिवाळा काढल्यावर

माझी गाडी १९८७ची मर्सिडीज ५६० एसएल. गडद निळी, रंग अजून कंपनीचाच. न्यू जर्सीत थंडी पडायला लागली की या उघड्या गाडीवर हार्डटॉप, म्हणजे काढता-घालता येणारा टणक टप, चढतो, तो एप्रिललाच खाली येतो. आर१०७ (या मालिकेच्या गाड्यांचं कंपनीचं सांकेतिक नाव) बाळगणाऱ्यांना पुढचं माहीतच असेल : टप उतरवला की त्याच्या कडेचं रबर टेकतं त्या रेषेत रंग घासून मंद झालेला दिसतो. बिचाऱ्या रबराचा त्यात फारसा दोष नाही. छत नसलेल्या गाडीची बॉडी खड्ड्यात किंचित पिळवटते, रबर पत्र्यावर केसभर सरकतं आणि मध्ये अडकलेली धूळ सँडपेपरचं काम करते. त्यात ओलही धरून राहते.

म्हणून टप चढवण्याआधी रंगरक्षक फिल्म लावली. पॉलियुरेथेनची, साधारण २०० मायक्रॉन जाडीची. आधी याच गाडीसाठी कापून मिळणारा तयार संच मागवला होता, पण मागच्या कोपऱ्यांत तो रबराच्या रेषेच्या आतच संपत होता, म्हणजे कड नेमकी रबराखाली. परत पाठवला आणि साधा रोल घेऊन पट्ट्या कापल्या, रबराच्या दोन्ही बाजूंना बोटभर जास्त. हे सगळ्यात महत्त्वाचं : कड रबराखाली आली की तिथेच माती साचते आणि फिल्म उचकटते.

एप्रिलमध्ये टप काढला तेव्हा फिल्मवर करड्या रंगाची एक रेघ होती, हाताला खरखरीत. हेअर ड्रायरने गरम करून एक पट्टी अगदी पसरट कोनात हळूहळू सोलली. खालचा रंग शेजारच्या रंगाइतकाच चकचकीत, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब न तुटता दिसत होतं. पैसे तिथेच वसूल झाले.

आता कुरकुर. ड्रायव्हरच्या बाजूला दाराच्या मागे जिथे पत्रा दोन दिशांनी वळतो, तिथे फिल्म सुटून पांढरी पडली. इतकी जाड फिल्म तिथे ताणून बसवणं कठीणच आहे, तिथे ती लहान तुकड्यांत लावावी. उन्हात तिरकं पाहिलं तर पट्टीची कडही दिसते. मला चालते, प्रदर्शनात गाडी उभी करणाऱ्यांना चालणार नाही.

दुसरं, ही फिल्म घासण्यापासून वाचवते, आदळण्यापासून नाही. हा टप चाळीस किलोंच्या पुढे जातो. दोघांनी उचलताना एकाचा हात खाली गेला की मागचा कोपरा पत्र्याला पोचा पाडतो, तिथे २०० मायक्रॉन काय करणार? उतरवताना दोन्ही बाजूंना जाड रजई अंथरतो आणि बायको, मी, शेजारी असे तिघं लागतो. आर१०७ घेताना गॅरेजच्या छताला कप्पी लावायचे पैसेही हिशेबात धरावेत, असं माझं मत.

काही जण फिल्मऐवजी फेल्टची (नमद्यासारख्या जाड कापडाची) पट्टी लावतात. ती पाणी पिते, मला पटत नाही. मास्किंग टेप तर नकोच, महिनोन्‌महिने ठेवली तर तिचा गोंद रंगावर बसून जातो.

गाडी पुन्हा रंगवलेली असेल तर जपून. रंग पत्र्याला नीट धरलेला नसेल तर फिल्म काढताना तोही सोलून येतो. आधी डिकीच्या आतल्या, नजरेआडच्या रंगावर छोटा तुकडा लावून काढून बघा. आणि टप चढवण्याआधी फिल्म धुऊन पुसायची, रबराला सिलिकॉनचा हात फिरवायचा. खाली माती तशीच राहिली तर फिल्म एका हिवाळ्यातच आरपार घासली जाईल.

सरळ भागातल्या बाकीच्या पट्ट्या अजून घट्ट आहेत, त्या तशाच ठेवणार. ऑक्टोबरमध्ये सोललेली पट्टी आणि कोपरे तेवढे नव्याने लावायचे.