गणपतीपुळे का धारवाड? सांगलीतून जाणाऱ्यांसाठी दोन्हीकडच्या मुक्कामाचा रिव्ह्यू

सुट्टीचा विषय निघाला की आमच्या घरात दोन पार्ट्या पडतात, एक समुद्रवाली आणि एक समुद्र किती वेळ बघत बसायचा म्हणणारी. यंदा दोन्हीकडं राहून झालं, मे महिन्यात गणपतीपुळे आणि पाऊस उघडल्यावर धारवाड, माणसं तीच, म्हणजे आई, मिसेस, बारावीतली मुलगी आणि मी, बजेट पण जवळपास तेच. म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं. ग्रुपवर कुणी विचारलं की सगळे आपल्या ओळखीच्या हॉटेलचा नंबर टाकून मोकळे होतात, पण तुम्ही दिवसातले किती तास रूमवर काढणार हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळं त्याच्यावरच ठरतं.

गणपतीपुळ्यात रूम चांगली तर ट्रिप चांगली. गाव छोटं आहे. पहाटेचं दर्शन आणि डोंगराला प्रदक्षिणा हे मात्र कुठल्याही पैशात न मिळणारं सुख आहे, देऊळ डोंगराच्या पायथ्याशी, समोर पश्चिमेला समुद्र, आणि तो अख्खा डोंगरच देव मानलेला असल्यामुळं त्याच्याभोवती फिरायचं, साधारण किलोमीटरभराची फरसबंद वाट आहे. आईचे गुडघे दुखतात तरी ती सावकाश पूर्ण चालली, एका बाजूला लाटांचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला झाडी, मधे दोनदा बसली आणि परत उठली. तेवढ्यासाठी मी परत जाईन.

पण दहा वाजले की ऊन चढतं आणि मग संध्याकाळी पाचपर्यंत काय, तर रूम. आणि आमच्या रूमनं निराशा केली. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही. सी व्ह्यूचे जादा पैसे घेतले, गॅलरीतून दिसतो तो पार्किंग आणि जनरेटर, अगदी कडेला उभं राहून मान वळवली तर झावळ्यांच्या मधून निळी पट्टी दिसते. गरम पाणी सकाळी सात ते नऊ, रात्रीच्या जेवणाची ऑर्डर चारच्या आत सांगायची, नाही सांगितली तर मिळेलच असं नाही. मला राग ह्याचा आला की तक्रार केल्यावर काउंटरवरचा पोरगा म्हणाला सीझनमध्ये असंच असतं. सीझन आहे म्हणून तर दर वाढवलाय ना बाबा, मग सोय पण वाढव की!

दुसऱ्या दिवशी दुपारी मालगुंडला एका घरी सांगून जेवलो आणि सगळा मूड बदलला. पडवीत पाट, उकडीचे मोदक, त्यावर तूप, वालाची उसळ, सोलकढी, आणि त्या काकू आईला म्हणाल्या अहो आजी घ्या की अजून एक, तुमच्याकडं नाही मिळायचे असे. असं घर मिळालं तर रिसॉर्टच्या डायनिंग हॉलकडं फिरकू नका. मासे खायचे असतील तर देवळाजवळ शोधू नका, जयगड किंवा रत्नागिरीच्या बाजूला जा, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ताज्या सुरमईची अपेक्षा धरू नका. आरे-वारेचा रस्ता चुकवू नये, वरच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन खाली बघायचं, दोन्हीकडं किनारा पसरलेला दिसतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो, तिथल्या समुद्रात पोहायला जाऊ नका. किनारा पुढं एकदम खोल होतो, पाण्याला ओढ आहे, आणि आपल्यासारखी घाटावरची माणसं कृष्णेत पोहल्याच्या भरवशावर आत जातात. दरवर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात. बोर्ड लावलेत, लाइफगार्ड शिट्ट्या मारतात, त्यांचं ऐका. आणि अंगारकीला जात असाल तर दर्शनापुरतंच जा, त्या दिवशी अर्धं कोल्हापूर आणि सांगली तिथंच असते.

आता धारवाड. गाडीनं गेलात तर वेळ जवळपास तेवढाच लागतो पण आंबा घाटाची वळणं नाहीत, सरळ बंगलोर हायवे. आम्ही रेल्वेनं गेलो, मिरजेतून बेळगावमार्गे थेट, आईला पाय पसरून बसता आलं. कोकणात जायला आपल्याकडून अशी थेट रेल्वे अजून नाही हे पण हिशोबात धरा.

धारवाड हे टुरिस्ट गावच नाही, आणि मला तेच आवडलं. कर्नाटक युनिव्हर्सिटी, कृषी विद्यापीठ, आता आयआयटी, जुनं कर्नाटक कॉलेज, आणि सप्तापूर भागात तर स्पर्धा परीक्षेचे क्लास, पीजी, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं, खानावळी एकाला लागून एक. रात्री सुद्धा पोरं पुस्तकं काखेत घेऊन चहाच्या गाड्यावर उभी. ही सगळी गिऱ्हाईकं वर्षभर रोज खाणारी आहेत, त्यामुळं खानावळवाल्याला वाईट जेवण देऊन चालतच नाही, पोरं दुसऱ्या दिवशी शेजारी जातात. आम्ही जिथं जेवलो तिथं ज्वारीची पातळ भाकरी, भरलं वांगं, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, दही, आणि भाकरी संपायच्या आत दुसरी ताटात. बिल बघून मिसेस म्हणाली चौघांचं आहे का एकाचं, परत विचारा.

संध्याकाळी गिरमिट खाल्लं. आपण सांगलीची माणसं भडंगावर वाढलेली, चुरमुऱ्यात आपल्याला कोण काय शिकवणार असं वाटतं, पण हे वेगळंच आहे. कांदा-टोमॅटो-चिंचेचा शिजवलेला मसाला मोठ्या पातेल्यात तयार असतो, त्यात चुरमुरे टाकून हातानं कालवतात, वरून डाळ्याचं पीठ भुरभुरतात, मग कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव, आणि सोबत गरम मिरची भजी. पीठ ओलावा धरून ठेवतं म्हणून चुरमुरे लगेच लगदा होत नाहीत, पण पार्सल घेऊ नका, तिथंच उभं राहून खा. पेढ्यासाठी लाइन बाजारात ठाकूरांच्या दुकानात जायचं, रांग असते आणि माल संपला की संपला, त्यामुळं लवकर गाठा. सातारच्या कंदी पेढ्यासारखाच खरपूस भाजलेला, पण ह्याला बाहेरून साखर लावलेली असते आणि आतून दाणेदार.

आईला गाण्याची आवड म्हणून शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं मृत्युंजय हे घर बघायला गेलो, आता स्मारक आहे. ते लहानपणी मिरजेत नीलकंठबुवा अलूरमठांकडं शिकले हे आईला माहिती होतं, तिथं उभी राहून तिनं नातीला सगळं सांगितलं, मिरज, अब्दुल करीम खाँसाहेब, दर्ग्यातला उरूस. मुलीनं मोबाइल खिशात ठेवून ऐकलं. युनिव्हर्सिटीचा कॅम्पस टेकडीवर आहे, त्या भागाला छोटा महाबळेश्वर म्हणतात, झाडी आहे, संध्याकाळी हवा गार. तिथं फिरताना मुलगी स्वतःहून कोर्सची चौकशी करायला लागली.

तक्रारी आहेत. बसस्टँडजवळच्या लॉजवर राहिलो, रात्रभर हॉर्न. धूळ आणि ट्रॅफिक भरपूर. पाट्या बऱ्याचशा कन्नडमध्ये, पण जुन्या लोकांना मराठी चांगलं कळतं आणि कन्नड बोलणारं जतकडचं कुणी सोबत असेल तर प्रश्नच नाही. हुबळीला जायला चिगरी बस झकास आहे, स्वतंत्र लेनमधून जाते. बारक्या पोरांना मात्र तिथं करमणार नाही, वाळू नाही, झोपाळे नाहीत.

तर घरात दहा वर्षाच्या आतलं पोर असेल किंवा नुसतं पडून राहायचं असेल तर गणपतीपुळे, ते पण सोमवार ते गुरुवार, आणि बुकिंगच्या आधी फोन करून गॅलरीतून काय दिसतं त्याचा व्हिडिओ मागवा, जो देत नाही तिथं पैसे भरू नका. पोरं मोठी असतील, घरात खाणारी आणि चालणारी माणसं असतील तर डोळे झाकून धारवाड. पुळ्याच्या मुक्कामाला तीन स्टार, धारवाडला साडेचार, अर्धा त्या लॉजच्या हॉर्नचा कापला.

पुढच्या सप्टेंबरात तासगावचे आमचे द्राक्षबागायतदार पाहुणे कृषी विद्यापीठाच्या मेळ्याला निघालेत, आम्ही पण त्यांच्याबरोबर जाणार. मेळ्यात लॉज मिळणं अवघड होतं, कुणाला यायचं असेल तर आत्ताच बघून ठेवा, आणि रूम बसस्टँडपासून लांब, युनिव्हर्सिटीच्या बाजूला घ्या.