अय्यंगार पद्धतीचा नवशिक्यांचा योगवर्ग: सामान भरपूर, घाई नाही

‘वाकून पायाचे अंगठे धरता येत नाहीत, मी कसला योग करणार?’ असं म्हणणाऱ्यांनी आधी याच वर्गाची चौकशी करावी. बी. के. एस. अय्यंगार यांनी ही पद्धत पुण्यात घडवली. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था 1975 साली उभी राहिली. आज या पद्धतीचे परीक्षा देऊन प्रमाणित झालेले शिक्षक देशात आणि परदेशातही वर्ग घेतात. शिक्षक बदलला तरी नवशिक्यांच्या वर्गाचा साचा फारसा बदलत नाही. हे परीक्षण त्या साच्याचं.

आत शिरलं की पहिल्यांदा नजरेत भरतं ते सामान: भिंतीतल्या हुकांना अडकवलेले दोर, लाकडी विटा, कापडी पट्टे, लोड, घड्या घातलेली ब्लँकेटं आणि पाठीचा पत्रा काढलेल्या लोखंडी खुर्च्या. आरसा सहसा नसतो, संगीतही नसतं. सुरुवातीला ओंकार आणि पतंजलींची प्रार्थना, मग तास-दीड तास आसनं, शेवटी पाच-दहा मिनिटं शवासन. शवासनात अंग गार पडतं, म्हणून पांघरायला एखादी चादर जवळ ठेवावी.

पहिले काही आठवडे भर उभ्या आसनांवर असतो: ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन, वीरभद्रासन. बघायला सोपी, करायला नाहीत. त्रिकोणासनच घ्या. पायांत साधारण साडेतीन फूट अंतर. उजवं पाऊल पूर्ण बाहेर, डावं किंचित आत, आणि मग उजव्या बाजूला वाकायचं. नवशिक्याला हात जमिनीला टेकवण्याची भारी हौस. त्या नादात गुडघा आतल्या बाजूला कलतो, बसकण मागे जाते आणि छाती जमिनीकडे वळते. हात टेकतो, पण आसन राहत नाही. इथे शिक्षक उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला वीट उभी ठेवतात. हाताला आधार उंचावर मिळाला की कंबर पुढे पडत नाही आणि छाती उघडते. वीट उभी, आडवी, सपाट अशा तीन उंचींवर ठेवता येते. अंग सुटत जाईल तशी ती खाली उतरते. तोल जात असेल तर मागची टाच भिंतीला लावून करायचं. ज्यांचे सांधे मुळातच सैल असतात त्यांचा घोटाळा उलटा: गुडघा मागे ढकलला जातो आणि सगळा भार सांध्यावर येतो. ‘मांडीचे स्नायू वर ओढा’ ही सूचना तासाभरात दहा वेळा ऐकू येते, ती बरीचशी याचसाठी.

अधोमुख श्वानासनात, म्हणजे हात-पाय जमिनीवर टेकवून कंबर वर उचलायच्या आसनात, मनगटं दुखण्याची तक्रार हमखास येते. भार तळहाताच्या मागच्या भागावर पडतो म्हणून ती दुखतात. तर्जनीचं मूळ जमिनीत दाबलं आणि कंबर वर-मागे ढकलली की भार पायांकडे सरकतो. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील तर पाठीला पोक येतं. तेव्हा हात विटांवर किंवा खुर्चीवर ठेवून करायचं. नुसती मांडी घालून बसतानाही बैठकीखाली घडी केलेलं ब्लँकेट हवं. गुडघे कमरेपेक्षा वर राहिले की पाठ वाकलीच म्हणून समजा.

सर्वांगासनासाठी, म्हणजे खांद्यांवर भार घेऊन पाय सरळ वर न्यायच्या आसनासाठी, तीन-चार ब्लँकेटांची थप्पी करतात. खांदे थप्पीवर, डोकं खाली जमिनीवर. त्यामुळे मानेवर दाब येत नाही. या आसनात मान वळवून शेजाऱ्याकडे बघायचं नाही, एवढं तरी कटाक्षाने पाळा.

आता उणी बाजू. घाम गाळून वजन उतरवायचं असेल तर हा वर्ग संथ वाटेल. एका पावलाच्या ठेवणीवर पाच मिनिटं जातात. प्राणायामासाठी आलेल्यांचाही हिरमोड होतो, कारण शरीर ताठ बसायला शिकेपर्यंत तो बाजूलाच ठेवतात. शिक्षकांचा आवाज चढतो. आमच्या मते ती शिस्त बऱ्याचदा कामाची असते, पण सगळ्यांना मानवत नाही. हात लावून आसन सुधारण्याचीही रीत आहे. नको असेल तर आधीच स्पष्ट सांगावं. गर्दीच्या वर्गात मागच्या रांगेतल्याचा गुडघा कुणाच्या नजरेत येत नाही, म्हणून नवशिक्याने पुढेच उभं राहावं.

वर्गानंतर एक-दोन दिवस मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, त्याची चिंता नको. गुडघ्यात, कमरेत किंवा मानेत कळ आली, पायाला मुंग्या आल्या, तर मात्र तिथेच थांबून सांगायचं. रक्तदाब, काचबिंदू, सरकलेली मणक्याची चकती, गुडघ्याची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांतलं काहीही असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. मासिक पाळीत उलटी आसनं देत नाहीत, त्याऐवजी लोडावर टेकून करायची आसनं देतात. त्यासाठी शिक्षकांना वर्ग सुरू होण्याआधी गाठावं.

भरपेट जेवणानंतर चार तास जाऊ द्यावेत. संध्याकाळच्या वर्गाला जाणाऱ्यांची पंचाईत होते ती पाचच्या वडापावामुळे! कपडे असे हवेत की गुडघे दिसतील. सैल सलवारीत गुडघा कुठे वळलाय ते शिक्षकांना कळत नाही. मोजे काढूनच यायचं. पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: शिक्षकाचं प्रमाणपत्र कोणत्या पातळीचं आहे, आणि चुकलेला वर्ग दुसऱ्या तुकडीत भरून काढता येतो का.

सामान बहुतेक ठिकाणी वर्गातलंच मिळतं, तेव्हा विटा-पट्ट्यांची खरेदी लांबवा. मॅट मात्र स्वतःची असावी: सहा फूट लांब, दोन फूट रुंद, जाडी साधारण चार मिलिमीटर. दहा मिलिमीटरची गुबगुबीत मॅट दुकानात मऊ लागते, पण उभ्या आसनात पाऊल तिच्यात रुततं आणि तोल जातो. घरची सतरंजी फरशीवर सरकते. नवी मॅटही सुरुवातीला निसरडी असू शकते. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा. रबरी असेल तर उन्हात टाकू नका, तडे जातात.