कार्बन फूट, आठ महिन्यांनंतर: रस्त्यावर राजा, घरात पाहुणा

माझा एक पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे, त्याचं पाऊल कार्बनच्या पट्टीचं. त्या पट्टीवर चढवलेलं, पावलाच्या आकाराचं फूट कव्हर फाटलं म्हणून लिहायला बसलोय. अंगठ्याच्या बाजूने उललं आणि आतली कार्बनची पट्टी दिसायला लागली. पाय बसवून देणाऱ्या सेंटरवाल्याने तो हातात घेऊन पहिलाच प्रश्न केला, "काका, अनवाणी चालता का?" चालतो ना. घरात बूट घालून फिरू? "मग वॉरंटीत बसणार नाही." म्हणजे पायाला वॉरंटी आहे, पण चालण्याला नाही.

गुडघ्याखालचा पाय, सिलिकॉन लायनर (कापलेल्या पायावर चढवायचं मऊ आवरण), पिन लॉक (लायनरच्या टोकाची पिन कृत्रिम पायात अडकते). बाकीचं माहीतगारांना सांगायला नको. बाहेर हा पाय झकास. पाऊल पुढच्या पावलाला रेटा देतं, बाजारातून पिशव्या घेऊन येतानाही दम लागत नाही. उन्हाळ्यात लायनरमध्ये घाम साचतो, दुपारी काढून पुसावाच लागतो. संध्याकाळी स्टंप, म्हणजे उरलेला पाय, आटून तो ज्यात बसतो ते सॉकेट सैल होतं, मग वरून एक मोजा चढवायचा. एवढं तर कुठल्याही पायात करावं लागतं, तक्रार नाही.

तक्रार टाचेची आहे. माझ्या फूटची जुळणी १० मिमी टाचेच्या बुटावर केलेली आहे. बूट काढला की टाच तेवढी खाली जाते, नडगी मागे कलते आणि गुडघा मागे रेटला जातो. सपाट फरशीवर चढाला तोंड करून उभं राहिल्यासारखं वाटतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होईपर्यंत उभं राहून बघा, म्हणजे कळेल. विकताना कोणी विचारलं नाही की तुमच्याकडे चपला कुठे काढतात. टाचेची उंची बदलता येणारे फूट मिळतात, पण किंमत ऐकून मी विषय बदलला.

घरासाठी मागे पट्टा असलेली वेगळी सँडल घेतली, कारण साधी चप्पल निसटते, बोटं आवळता येत नाहीत. आई म्हणाली, "देवघरात येण्याआधी तो पाय आहे की चप्पल ते ठरव." मग टाचेखाली फोमची पाचर ठेवून वरून मोजा चढवला. गुडघा सुटला, पण मोजा फरशीवर सरकायला लागला. आता तळाला रबरी ठिपके असलेले मोजे वापरतो.

सुरुवातीला कोणी विचारलं तर "जयपूर फूट सोडा, हाच घ्या" म्हणायचो. आता म्हणत नाही. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि हाडांचे डॉक्टर सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तो रबरी पाय घडवला तो अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसांसाठीच. माझा जुना, शिबिरात फुकट मिळालेला, माळ्यावर आहे, पण स्टंप बारीक झाल्यामुळे त्याचं सॉकेट जाड मोज्यांनीही भरत नाही. पुढच्या शिबिरात नाव घातलंय. घरात तो, बाहेर हा.

घेणार असाल तर मापाच्या दिवशीच टाचेची उंची विचारा आणि अनवाणी उभं राहून बघा. कव्हरची किंमत आधी लिहून घ्या. मी नवीन घेतलेलं नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्युशनने चिकटवलाय, अजून तरी टिकलाय. सेंटरवाल्याला दाखवणार नाही.