तांब्यावरचं लॅकर टिकलं, जोडाला मात्र हिरवी रेघ

लाकडी डबी, झाकणावर तांब्याची पट्टी. पट्टीवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लॅकरचा स्प्रे, लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल. कित्येक महिने रोज हाताळूनही पट्टीचा मधला भाग नव्यासारखा लालसर आहे. लॅकरला तिथे पैकीच्या पैकी गुण. पण तांबं लाकडाला टेकतं तिथे केसाएवढी हिरवी रेघ उमटली आहे, आणि माझ्या लेखी सगळा निकाल त्या रेघेवर ठरतो.

दोष एकट्या दमट हवेचा नाही. जवसाच्या तेलातली मेदाम्लं तांब्याशी संयोग पावून हिरवट क्षार बनवतात. तेल पत्र्याखाली शिरलं की तिथे हवा पोचत नाही, ते सुकत नाही आणि कळंक वाढत जातो. शिवाय धारेवर लॅकरचा थर पातळच बसतो. म्हणून आधी लाकडाला तेल, मग ते पूर्ण सुकेपर्यंत थांबा. चिकटपणा आणि वास दोन्ही गेले पाहिजेत. पट्टीला मागून आणि कडांनाही लॅकर मारूनच ती बसवा. पट्टी निघण्यासारखी नसेल तर जोडालगत तेल लावूच नका, तिथे चपड्या लाखेचे (शेलॅकचे) पातळ हात द्या. तेलाची फडकी मात्र चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

लॅकरआधी ४००, मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर एकाच दिशेने, नंतर अ‍ॅसिटोनने पुसणं आणि हातमोजे. बोटाचा ठसा राहिला तर तो लॅकरखाली काळा पडतो आणि अख्खा थर उतरवल्याशिवाय जात नाही. साधारण २५ सेंटीमीटरवरून तीन पातळ हात पुरतात. हवा दमट असेल तर काम पुढे ढकला, थर पांढुरका पडतो.

मेणाबद्दलचं मत मात्र वापरताना बदललं. तांब्यावर मेण लवकर झिजतं, म्हणून सुरुवातीला ते बिनकामाचं वाटत होतं. पण डबीच्या ज्या कडीला सतत बोटं लागतात, तिच्यावरचं लॅकर टवके उडून गेलं, आणि टवक्याच्या कडेने काळपटपणा आत सरकत राहिला. तिथे ठिगळ दिसल्याशिवाय राहत नाही. मेणाचा हात दोन मिनिटांत पुन्हा देता येतो. तेव्हा कडीला मेण, पट्टीला लॅकर.

आणि काम झालं की लॅकरच्या स्प्रेचा डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत फवारा, मगच ठेवा. नाहीतर नोझल तुंबतं आणि अर्धं लॅकर आतच वाया जातं.